मेडिकलच्या काउंटरवरून : लाल टोपण, केशरी टोपण आणि दिवेघाटातली एकादशी

फलटणला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, १९९७ पासून काउंटरवर मी असते. गेल्या अंकात याच सदरात मी लिहिलं होतं की शुगरचा पेशंट डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांनी जातो, पण मेडिकलमध्ये दर महिन्याला येतो, तेव्हा गोळ्या घेताना आमच्याशी दोन शब्द बोलत चला. वाचकांनी ते फारच मनावर घेतलं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर निरोप आले, आणि एक गृहस्थ तर थेट अकलूजहून एसटीने दुकानात येऊन बसले. त्यांतले सात प्रश्न इथे घेते. चिठ्ठीचा फोटो पाठवून ‘डोस बरोबर आहे का’ असं ज्यांनी विचारलं, त्यांना उत्तर दिलेलं नाही. राग मानू नका, ते काम तुमच्या डॉक्टरांचं.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. सहा वर्षं एकाच कंपनीची शुगरची गोळी घेत होते. गेल्या महिन्यात दुकानदार म्हणाला, ‘ती येत नाही, ही घ्या, कंटेंट तोच आहे.’ वडील म्हणतात, या गोळीने गुण येत नाही. खरंच फरक पडतो का? आणि जनऔषधीची चालेल का? – एक वाचक, बार्शी

आधी कायद्याचं सांगते, कारण ते आमच्याच धंद्यातले निम्मे लोक विसरलेत. शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध, चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिलंय, त्याऐवजी दुसऱ्या नावाचं द्यायची आम्हाला परवानगी नाही, आतला घटक तोच असला तरी. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. माल संपलेला असतो, समोर म्हातारं माणूस उन्हातून आलेलं असतं, आणि ‘कंटेंट तोच’ हे वाक्य तोंडातून निघतं. मीही म्हटलेलं आहे. आता डॉक्टरांना फोन करते, ते ‘द्या’ म्हणाले की चिठ्ठीवर तसं लिहून घेते. फोन लागला नाही तर दोन दिवसांच्या गोळ्या शेजारच्या मेडिकलमधून मागवते.

रंग किंवा आकार बदलल्याने गुण जात नाही. पण ‘कंटेंट तोच’ म्हणताना तो खरंच तोच आहे का, हे नीट बघावं लागतं. शुगरच्या गोळ्यांच्या नावामागे शेपट्या असतात : एम१, एम२, व्ही, फोर्ट. एम१ आणि एम२ मध्ये ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर खाली आणणारं औषध, बहुधा एक मिलिग्रॅमचं दोन होतं, म्हणजे दुप्पट. ‘व्ही’ असेल तर त्यात व्होग्लिबोज घातलेलं असतं, त्याचं पुढे सांगते. एसआर किंवा ईआर असेल तर औषध दिवसभर सावकाश सुटतं. तेव्हा दोन्ही पाकिटं शेजारी ठेवा, मागचा बारीक मजकूर मोबाइलने मोठा करून वाचा आणि घटकाचं नाव, मिलिग्रॅम नि शेपटी या तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघा.

खरा घोळ रंगाचा नसतो, घरातल्या डब्याचा असतो. आमच्याकडे एसटीतून रिटायर झालेले एक आजोबा येतात. रोज चारच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. ‘वय झालं’ म्हणत होते. एकदा मी म्हटलं, तुमचा गोळ्यांचा डबा घेऊन या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. आत दोन पाकिटं, दोन्ही अर्धी संपलेली. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आत अक्षरशः तेच औषध. एक इथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं, दुसरं पुण्याला ॲडमिट होते तेव्हा सुटीच्या कागदावर आलेलं. मी विचारलं, दोन्ही घेता? ते म्हणाले, ‘हो की. एक साखरेची, एक पुण्याची.’

तुमच्या वडिलांकडे जुन्या गोळीच्या दोन-चार शिल्लक असतील तर आधी त्या बाजूला काढा आणि नव्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा : ‘ही जुनीच्या जागी.’ बहुतेक घोळ तिथेच मिटतात.

जनऔषधीचं म्हणाल, तर खुशाल घ्या, फक्त डॉक्टरांना सांगून घ्या. मी स्वतः खासगी मेडिकल चालवते, तरी हे सांगते. सिटाग्लिप्टिन या शुगरच्या गोळीचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधीत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. बाहेर तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांचं तेच पाकीट दीडशे ते अडीचशेच्या घरात होतं. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्याच गोळीचं मार्च २०२५ मध्ये तसंच झालं : जी गोळी साठ रुपयांना एक पडायची, ती महिन्याभरात दहा रुपयांच्या खालीही मिळायला लागली. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘याचं पेटंट संपलंय का, स्वस्तातली आहे का?’ असं विचारायला लाजू नका. ते रागावत नाहीत. रागावले तर मला कळवा.

प्रश्न : सासूबाई तासगावला असताना इन्सुलिन २४ युनिट सकाळी घेत होत्या, साखर ठीक होती. महिन्याभरासाठी डोंबिवलीला आमच्याकडे आल्या आणि साखर ३२० वर गेली. इन्सुलिन तेच, बाटली फ्रिजमध्ये, खाणं घरचंच. सिरिंज फक्त इकडच्या दुकानातून घेतल्या. काय चुकत असेल? – एक वाचक, डोंबिवली

ताई, पत्र बाजूला ठेवा आणि आत्ता जाऊन सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये, आणि काही बाटल्यांतही, १०० युनिटचं असतं. त्याची सिरिंज केशरी टोपणाची. दोन्ही सिरिंज लांबून सारख्याच दिसतात, दोन्हींवर आकडे छापलेले असतात. ४० वाल्या बाटलीतून केशरी सिरिंजने २४ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत येतं पाव मिलिलिटरच्याही जरा कमी. म्हणजे चोवीसऐवजी जेमतेम साडेनऊ युनिट. सासूबाई पथ्य पाळतायत, सुई टोचून घेतायत, आणि औषध निम्म्याहून कमी जातंय.

उलटं झालं तर जिवावर बेततं. १०० वालं इन्सुलिन लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट जातात.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २००९ च्या पावसाळ्यात आमच्याकडे लाल टोपणाच्या संपल्या होत्या. दुकानात गर्दी होती, कामाला असलेल्या मुलाला मी म्हटलं, ‘सिरिंज दे गं त्यांना दहा’ – मुलालाही मी ‘गं’ म्हणते, सवय – आणि त्याने केशरी दिल्या. बिल मी केलं, बघितलं नाही. नवव्या दिवशी त्या बाई परत आल्या, तोंडाला कोरड, सारखी लघवी. सोबत नवी चिठ्ठी, डॉक्टरांनी डोस वाढवून ३२ केलेला. चिठ्ठी वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी मी लाल सिरिंज देऊन गप्प बसले असते, तर वाढलेला डोस पुरता अंगात गेला असता आणि रात्रीतून साखर तळाला गेली असती. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, चूक आमच्या दुकानाची आहे. ते बोलायचं ते बोलले. डोस परत पहिल्यावर आणला.

म्हणून तुम्हीही टोपण केशरी निघालं तर नुसती सिरिंज बदलू नका. मधल्या काळात कोणी डोस वाढवलाय का, ते आधी बघा, आणि डॉक्टरांना हे सगळं सांगूनच लाल सिरिंज सुरू करा. टोपण लालच निघालं, तर आणखी दोन गोष्टी तपासा. बाटली दुधाळ असेल तर ती दोन्ही तळहातांत धरून दहा-वीस वेळा हळू लाटावी लागते, नाहीतर औषध तळाला राहतं. आणि पोटावर एकाच जागी टोचून गाठ झालीय का, ते बोटाने चाचपून बघा. गाठीत टोचलेलं इन्सुलिन धड लागू पडत नाही. दुखत नाही म्हणून माणसं तिथेच टोचत राहतात.

प्रश्न : मी ६१ वर्षांची. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालायचं ठरवलंय. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आणि एक गोळी आहे. वीस दिवस फ्रिज नाही, मुलगा म्हणतो जाऊ नको. काय करू? – एक वाचक, मंचर

मुलाशी माझं भांडण लावू नका. पण दर वर्षी पालखी आमच्या गावात, विमानतळावर मुक्कामाला असते, आणि त्या दिवशी माझं दुकान पहाटे चारला उघडतं ते रात्री एकपर्यंत. तुमच्यासारख्या पन्नास माउली मी दर वर्षी बघते. जाता येतं, तयारी मात्र डॉक्टरांना दाखवून करा.

फ्रिजची काळजी लोक करतात तेवढी करायची नसते. फोडलेली, चालू बाटली सावलीत राहिली आणि तीस अंशांच्या वर गेली नाही, तर साधारण चार आठवडे चालते. जूनअखेर पाऊस पडला असेल तर निम्मं काम झालं. पाऊस ओढला असेल तर मात्र जपायला हवं. एका आजीने मला दाखवली होती तिची पद्धत : बाटली प्लॅस्टिकच्या बुटक्या डबीत, डबी जुन्या सुती लुगड्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली, ते सगळं शबनममध्ये, अंगाच्या सावलीच्या बाजूला. फडकं वाळलं की भिजवायचं. मुक्कामाला छोट्या मडक्यात. माठातल्या पाण्यासारखंच ते गार राहतं. मला त्यात एकच दुरुस्ती सुचवायची होती, बाटली थेट पाण्यात बुडवू नका. बाकी आजी माझ्यापेक्षा हुशार.

दोन गोष्टी मात्र करू नका. दिंडीच्या ट्रकमध्ये पत्र्याखाली बाटली ठेवू नका, दुपारी तिथे भट्टी असते. आणि कोणी मायेने बर्फाच्या पेटीत ठेवून देतो म्हणालं तर देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, पण वाया गेलेलं असतं. जादा बाटली बरोबर वागवण्यापेक्षा चिठ्ठीची झेरॉक्स ठेवा. सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते, सगळीकडे मेडिकलं आहेत.

मला खरी भीती वेगळीच वाटते. पुण्याहून पालखी निघते त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी असते. म्हणजे उपास, वर तीसेक किलोमीटर चाल, वर दिवेघाट. तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल आणि सकाळचं इन्सुलिनही नेहमीएवढंच घेतलं असेल, तर घाटाच्या निम्म्यावर साखर सत्तरच्या खाली येऊ शकते. साबुदाणा खाल्ला तर वर, नाही खाल्ला तर खाली, असा तो दिवस. एकादशीचा आणि रोजच्या चालीचा डोस डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. पांडुरंग उपासाचा हट्ट धरत नाही, असं माझे सासरे म्हणायचे, आणि ते तेरा वाऱ्या केलेले माळकरी होते.

घाम, थरथर, भुकेने जीव कासावीस, जीभ अडखळणं, यातलं काही झालं की तिथेच बसा. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ नको. तीन चमचे साखर पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग काहीतरी खा. आता ती मघाची ‘व्ही’ शेपटी. व्होग्लिबोज आतड्यात साखर फुटू देत नाही, म्हणून त्या गोळीवर असलेल्यांना नुसत्या साखरेने, पेढ्याने लवकर आराम पडत नाही. त्यांनी साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडर जवळ ठेवायची. हे सांगितल्याशिवाय मी ती गोळी कोणाच्या हातात देत नाही. चाळीस सेकंद लागतात.

आणि रोज रात्री दुसऱ्या कोणाकडून तरी बॅटरीच्या उजेडात तळवे बघून घ्या. मुंग्या येणाऱ्या पायाला फोड कळत नाही. गेल्या वर्षी एका काकांच्या टाचेतून मी बाभळीचा काटा निघताना बघितला. त्यांना वाटत होतं, चप्पल चावतेय.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण शौचातून गोळी जशीच्या तशी पडते. औषध अंगी लागत नाही का? – एक वाचक, निपाणी

संकोच कसला, आठवड्याला एक तरी जण हे कुजबुजत विचारतो. तुमची गोळी मेटफॉर्मिन एसआर असणार. तिचं औषध दिवसभरात झिरपून जातं आणि रिकामं टरफल बाहेर पडतं. औषध लागलेलं असतं. फक्त ती गोळी कुटून, चावून घेऊ नका, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम पोटात जाईल. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, साधी गोळी मिळते.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की आठ वर्षं हीच गोळी आहे आणि पायाला मुंग्या येतात. मला त्या टरफलापेक्षा या ओळीची काळजी वाटली. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि त्यानेही मुंग्या येतात. सगळ्या मुंग्या शुगरच्याच असतात असं नाही. रक्तात बी-१२ तपासायचं का, ते पुढच्या वेळी विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मुलाकडे इंग्लंडला, लेस्टरला चार महिने राहिलो. सुनेच्या आईला तिथे शुगरची नवी गोळी सुरू झाली. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी तिला आतल्या खोलीत बसवून समजावलं, नंतर पंधरा दिवसांनी स्वतः फोन करून विचारलं, त्रास होतो का, चुकते का. आपल्याकडे मेडिकलवाले मान वर करून बघतसुद्धा नाहीत. हे का? – एक वाचक, सातारा

सर, बघत नाही हे खरं आहे. पण त्या बाईंनी जे केलं त्याचे त्यांच्या दुकानाला पैसे मिळाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०११ पासून ही योजना आहे. ठरावीक आजारांची औषधं पहिल्यांदा सुरू झाली की फार्मासिस्ट पेशंटशी काही आठवड्यांत तीनदा बोलतो. टाइप २ मधुमेह त्या यादीत पहिल्यापासून आहे. पैसे सरकारी आरोग्यसेवा दुकानाला देते. औषध किती खपलं याच्याशी त्याचा संबंध नाही. चाळिशीपुढच्या माणसाचं ब्लडप्रेशर दुकानात फुकट बघायचं, त्याचेही असेच पैसे मिळतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहराने नव्वदच्या दशकात आपल्याच नोकरांसाठी हे करून बघितलं होतं : मधुमेही कर्मचाऱ्याने नियमित फार्मासिस्टला भेटायचं, भेटीचे पैसे नगरपालिकेने द्यायचे. लोकांची साखर सुधारली आणि पालिकेचा दवाखान्यांवरचा खर्चही उतरला.

आता माझा हिशेब ऐका. मूल्यनियंत्रणातल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याला कायद्याने १६ टक्के मिळतात. मेटफॉर्मिनची पट्टी वीस रुपयांना धरली तर माझ्या हातात येतात तीन रुपयांच्या आत. त्यात दुकानाचं भाडं, फ्रिजचं लाइट बिल, मुलाचा पगार. चाळीस सेकंद बोललं काय, न बोललं काय, मिळणार तेवढेच. उलट प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारला तर दीडशे सुटतात. तेव्हा कोणाची मान कुठे वळेल, हे तुम्हीच सांगा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे आमचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. लिहिताना पैसे कोण देणार, एवढंच राहिलं.

पण सगळं सरकारवर ढकलून मोकळी होणार नाही. आमच्यात सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा धंदा आहे. भिंतीवर फोटो आणि रजिस्ट्रेशन एकाचं, काउंटरवर बारावी नापास पोरगा. फार्मासिस्ट हजर हवा हा नियम जुनाच, पण २०१२ च्या आसपास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी तो खरोखर लावायला घेतला, तर आम्ही मेडिकलवाल्यांनी काय केलं? बंद पुकारला. मीही शटर ओढून घरी बसले होते. त्या दिवशी एका ओळखीच्या मुलीला इन्सुलिन हवं होतं, मागच्या दाराने दिलं. मग माझं मलाच वाटलं, ही दुकानात फार्मासिस्टसाठी आली की बाटलीसाठी? आपण हजर असण्याला किंमत आहे असं आपणच म्हणत नसलो, तर सरकार पैसे देईल कशाला!

आणि सरकारला मेडिकलं दिसत नाहीत, असंही नाही. टीबीच्या वेळी बरोबर दिसली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने टीबीची औषधं घेणाऱ्या पेशंटची नोंद कळवणं केमिस्टवरही बंधनकारक केलं. मधुमेहासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, तिशीपुढच्यांची तपासणी आहे, आशाताई घरोघर फॉर्म भरतात. त्यात नाक्यावरचं मेडिकल कुठेच नाही. आमची देशपातळीवरची संघटना १२ लाखांहून जास्त केमिस्ट सांगते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींवर मधुमेही आहेत, प्रौढांत ११.४ टक्के. शेजारच्या गोव्यात तर २६.४, देशात सगळ्यांत वर. यातले जे औषध घेतात, ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या काउंटरवर महिन्यातून एकदा उभे राहतात.

मला विचाराल तर मी एकच गोष्ट मागेन, ती म्हणजे न येणाऱ्या माणसाची नोंद. शुगर वाढल्याची बातमी दवाखान्याला उशिरा लागते. गोळ्या बंद झाल्याची बातमी मला तिसाव्या दिवशीच लागते. माझ्याकडे एक वही आहे, लाल बांधणीची, त्यात सध्या १४३ नावं. पस्तीस दिवस झाले नि माणूस फिरकला नाही तर फोन करते. कारणं ऐकाल तर थक्क व्हाल. ‘बरं वाटतंय म्हणून सोडली.’ ‘कारल्याचा रस सुरू केलाय.’ ‘लेकीचं लग्न होतं, पैसे तिकडे गेले.’ उसाचं बिल अडकलं की आमच्याकडे ‘पाचच द्या’ म्हणणारे वाढतात. मग मी पट्टी अशी कापते की एक्सपायरीची तारीख उरलेल्या माझ्या भागावर राहील, आणि त्यांच्या पाच गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने तारीख लिहून देते. ही वही मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला दिली तर घेतील का, असं एकदा विचारून आले. साहेब चांगले होते, चहा दिला. म्हणाले, ‘मॅडम, आमच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.’

प्रश्न : ऑनलाइन औषधं २० टक्के स्वस्त पडतात. तुम्ही अर्थातच नको म्हणणार! – एक वाचक, पिंपरी

गोळ्यांना नको म्हणणार नाही. महिन्याला चारशे रुपये वाचत असतील तर ते तुमच्या हक्काचे. ऑनलाइन औषधांच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला आणि तिथेच रेंगाळला, त्याबद्दलची आमची तक्रार आमच्यापाशी ठेवते. इन्सुलिन मात्र मे महिन्यात मोटरसायकलवाल्याच्या पाठीवरच्या काळ्या पिशवीतून मागवू नका. ते दारात आलं तेव्हा खोक्यात गार पॅक होता का नि तो गार होता का, हे हात लावून बघा. नसेल तर परत पाठवा.

प्रश्न : घरच्या मशिनवर सकाळी १३० आली, अकरा वाजता सहज बघितली तर २८६! मधे फक्त एक भाकरी खाल्ली. लॅबमध्ये धावलो, तिथे १६२. मशिन फेकून देऊ? – एक वाचक, देवगड

पत्ता वाचला आणि हसू आलं. अकरा वाजता तपासण्याआधी आंबे कापत होतात का?

बोटाला आंब्याचा रस लागलेला असला की पट्टी तो रसही मोजते. सॅनिटायझरने पुसून भागत नाही, साबणाने धुवावा लागतो. हात कोरडे करा, मग टोचा. आपल्याकडे सीझनमध्ये लोक याच आकड्यावर घाबरून एक गोळी जादा घेतात, आणि मग दुपारी खरंच साखर उतरते. पट्ट्यांच्या डबीचं झाकणही गच्च लावत जा, तुमच्याकडची दमट हवा पट्ट्या खराब करते, आणि डबी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

मशिन ठेवा. आज परत एकदा बघा, हात धुऊन. जो आकडा येईल तो वहीत लिहा, २८६ खोडून टाका. तो हापूसचा होता.